पॅड बांधून बसलेला माणूस

‘मूनलाइटिंग’ हा शब्द आपल्याकडे नोकरदारांच्या तोंडी रुळला तो २०२२ मध्ये. त्याआधी तो कंपनीच्या पॉलिसी डॉक्युमेंटमध्ये, कुणीही न वाचलेल्या कुठल्याशा क्लॉजमध्ये गुपचूप झोपलेला असायचा. मग लॉकडाऊन आलं, वर्क फ्रॉम होम आलं, काही जण दिवसा एका कंपनीचं आणि रात्री दुसऱ्या कंपनीचं काम करायला लागले. आणि विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना सापडलेल्या ३०० जणांना एकदम घरचा रस्ता दाखवला. झालं! आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या. एक म्हणे ही सरळसरळ चीटिंग आहे. दुसरी म्हणे, संध्याकाळी सातनंतरचा वेळ माझा. त्यात मी गिटार वाजवीन नाहीतर कोडिंग करीन, तुमच्या पोटात का दुखतंय?

मी या वादात गप्प होते. फ्रीलान्सरला कसलं आलंय मूनलाइटिंग? आमच्याकडे मुळात दिवसाचीच नोकरी नसते! माझी आई अजूनही शेजारच्या काकूंना ‘ती लिहिण्याचं काहीतरी करते’ असं सांगते आणि चटकन विषय बदलते.

पण त्या शब्दाने डोक्यात घर केलं. आणि त्याच शब्दाचं बोट धरून मी एका अशा माणसापर्यंत पोचले, ज्याचं टोपणनावच ‘मूनलाइट’ होतं. आर्चिबाल्ड राइट ग्रॅहम. अमेरिकन. प्रोफेशनल बेसबॉल खेळाडू. आणि डॉक्टर. टोपणनावाच्या दोन कहाण्या सांगतात. एक म्हणजे, पठ्ठ्या पळायला इतका वेगवान, की लख्खकन उजेड चमकून जावा. दुसरी म्हणजे, हा बेसबॉल खेळता खेळता डॉक्टरकी करायचा, म्हणून मूनलाइट. मला अर्थातच दुसरी जास्त आवडते.

आता बेसबॉल म्हटलं की आपल्यातले नव्वद टक्के लोक पान उलटणार, हे मला माहीत आहे. थांबा जरा. क्रिकेट कळतं ना? मग एवढंच लक्षात ठेवा. दोन टीम्स आलटूनपालटून बॅटिंग करतात. तीन आऊट झाले की बॅटिंग संपली, समोरचे आत. असं नऊ वेळा. आणि बॅटिंग करणाऱ्याच्या नंतर ज्याचा नंबर असतो, तो बॅट घेऊन मैदानावरच एका बाजूला तयार उभा राहतो. त्याला म्हणतात ‘ऑन डेक’. बास! एवढ्या भांडवलावर पुढची गोष्ट कळते.

तारीख २९ जून १९०५. ठिकाण ब्रुकलिन, वॉशिंग्टन पार्क. न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध ब्रुकलिन सुपरबाज. जायंट्स म्हणजे त्या काळची दादा टीम. मॅनेजर जॉन मॅग्रॉ, अत्यंत कडक माणूस. त्याच वर्षी ही टीम वर्ल्ड सीरिज जिंकणार होती. अशा टीममध्ये आपला ग्रॅहम. वय विशीच्या उत्तरार्धातलं, म्हणजे तुमच्या-माझ्याएवढंच. छोट्या छोट्या मायनर लीग टीम्समधून खेळत खेळत इथवर आलेला, आणि आता बेंचवर बसून आपली पाळी कधी येते याची वाट बघणारा.

मॅच एकतर्फी चालली होती. जायंट्स ११-१ ने जिंकले, यावरून काय ते समजा. अशा वेळी कुठलाही कॅप्टन जे करतो तेच मॅग्रॉने केलं. ‘जा रे, त्या नव्या पोराला पाठवा.’ आठव्या डावात जॉर्ज ब्राउनच्या जागी ग्रॅहम राइट फील्डला उभा राहिला. बॉल त्याच्याकडे आलाच नाही. नवव्या डावात जायंट्सची बॅटिंग. दोन आऊट. क्लॉड एलियट बॅटिंगला, आणि त्याच्यानंतर ग्रॅहमचा नंबर. ग्रॅहम ऑन डेक. हातात बॅट. एलियटने बॉल उंच उडवला, कॅच गेला, तिसरा आऊट.

ग्रॅहम पुन्हा राइट फील्डला जाऊन उभा राहिला. तिथेही काही घडलं नाही. मॅच संपली.

आणि त्याचं मेजर लीग करिअरही संपलं. टोटल खल्लास. जायंट्सने त्याला परत मायनर लीगमध्ये, स्क्रँटनला पाठवलं. बेसबॉलच्या रेकॉर्डबुकात त्याच्या नावापुढे आजही काय लिहिलंय? सामने : १. बॅटिंगची संधी : ०. अख्खी ओळ शून्यांची.

आता सिनेमा. १९८९ चा ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’. हीरो केविन कॉस्टनर. त्याला कुठूनसा आवाज ऐकू येतो आणि तो मक्याच्या शेतात बेसबॉलचं मैदान बांधतो, मग तिथे जुने, मेलेले खेळाडू खेळायला येतात... सांगताना येडचाप वाटतं, पण बघताना गळा दाटतो, गॅरंटी. या सिनेमात आपला ग्रॅहम आहे. म्हाताऱ्या डॉक्टर ग्रॅहमच्या भूमिकेत बर्ट लँकेस्टर, काय देखणा म्हातारा! कॉस्टनर त्याला त्या एका मॅचबद्दल विचारतो. एवढ्या जवळ जाऊन हुकलं, ही केवढी ट्रॅजेडी, असं त्याला वाटत असतं. त्यावर डॉक्टर शांतपणे जे सांगतो त्याचा मतलब असा, की मला डॉक्टर म्हणून पाचच मिनिटं मिळाली असती तर ती खरी ट्रॅजेडी झाली असती.

मग सिनेमात जादू होते. तरुण ग्रॅहम त्या शेतातल्या मैदानावर येतो, त्याला बॅटिंग मिळते. सगळं छान चाललेलं असताना हीरोची लहान मुलगी बाकावरून खाली पडते, घशात हॉटडॉगचा तुकडा अडकलेला, श्वास बंद. मैदानाच्या कडेला खडीची एक रेघ आहे. ती ओलांडली की परत येता येत नाही. तरुण ग्रॅहम एक क्षण त्या रेघेपाशी थांबतो. मग पाऊल टाकतो, आणि त्याचा म्हातारा डॉक्टर होतो. पोरगी वाचते. खेळ कायमचा सुटतो.

मी हा सिनेमा बघितला तेव्हा शेजारी माझा एक मित्र बसला होता. हिंजवडीत टीम लीड आहे. आमच्या ग्रुपमध्ये तो एकटाच असा, की आयपीएलची मॅच लागली की उठून बाल्कनीत जातो. बाकीच्यांना वाटतं त्याला क्रिकेट आवडत नाही. खरं कारण मला माहीत होतं. साहेब शाळेत असताना अंडर-१६ च्या निवड शिबिरापर्यंत गेले होते. एका मॅचमध्ये सातव्या नंबरवर नाव होतं. पॅड बांधून, हेल्मेट मांडीवर घेऊन दोन तास बसले. वरच्या पोरांनीच ओव्हर्स संपवल्या. पुढच्या मॅचला टीममध्ये नाव नव्हतं. मग बारावी, मग सीईटी, मग इंजिनिअरिंग... पुढचं तुम्हाला पाठ आहे.

सिनेमात ऑन डेकचा उल्लेख आला तेव्हा मी त्याला समजावायला गेले. तो म्हणाला, ‘‘समजलं. पॅड बांधून बसलेला.’’

एवढंच बोलला. पण ती रेघ ओलांडायचा सीन झाल्यावर मात्र भडकला. ‘‘बकवास आहे यार! असं एका पावलात कुणी सोडत नाही. मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरपर्यंत बॅटला तेल लावत होतो. किटबॅग पलंगाखाली. आई विचारायची, भंगारवाल्याला देऊ का? मी म्हणायचो, राहू दे गं, असू दे.’’

माझं मास कॉमचं शिक्षण काय कामाचं, म्हणून मी खऱ्या ग्रॅहमच्या तारखा जुळवायला बसले. आणि माझा मित्र शंभर टक्के बरोबर निघाला!

सिनेमाने गोष्ट सोपी करायला बरंच काही सरकवलंय. त्यात ग्रॅहमची मॅच १९२२ मध्ये होते, सीझनच्या शेवटच्या दिवशी. प्रत्यक्षात ती १९०५ मधली, ऐन जूनमधली, सीझन अजून निम्म्यालाही आलेला नव्हता. पण खरी गंमत पुढेच आहे. युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडची डॉक्टरकीची पदवी ग्रॅहमने कधी मिळवली? १९०५. तेच वर्ष! म्हणजे बेसबॉल हुकलं, हिरमुसला, आणि मग मन घट्ट करून डॉक्टर व्हायला गेला, असं काही नव्हतंच. दोन्ही गाड्या एकाच वेळी चालू होत्या. बरं, जायंट्सने हाकलल्यावर तरी त्याने बॅट खाली ठेवली का? नाही. तो स्क्रँटनकडून १९०८ पर्यंत खेळत राहिला. खिशात डॉक्टरकीची डिग्री असताना, त्या एका मॅचनंतर चांगली तीन वर्षं.

मित्राला हे फोनवर सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे तीन वर्षं त्याच्याही पलंगाखाली किटबॅग होती तर.’’

त्या काळात हे तसं जगावेगळं नव्हतं. बेसबॉल हा उन्हाळ्याचा धंदा. सीझन संपला की खेळाडू दुसरं काही ना काही करायचे, कारण पोट बारा महिने असतं. त्याच १९०५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये जायंट्ससमोर जी फिलाडेल्फियाची टीम होती, तिचा कॅचर माइक पॉवर्स हाही डॉक्टर. सगळे त्याला ‘डॉक’च म्हणत. पुढच्या जमान्यातलं उदाहरण म्हणजे बॉबी ब्राउन. न्यूयॉर्क यँकीजचा थर्ड बेसमन, वर्ल्ड सीरिज जिंकलेला, आणि त्याच सुमारास मेडिकल कॉलेजचा अभ्यास करणारा. त्याचा रूममेट होता प्रसिद्ध योगी बेरा. किस्सा असा सांगतात, की एका रात्री हॉटेलच्या खोलीत बेरा कॉमिक्स वाचत होता आणि ब्राउन मेडिकलचं जाडजूड पुस्तक. बेराने कॉमिक्स संपवून मिटलं आणि विचारलं, माझी गोष्ट तर मस्त संपली, तुझ्या पुस्तकाचा शेवट काय झाला? १९५४ मध्ये ब्राउनने खेळ सोडला आणि तो हार्ट स्पेशालिस्ट झाला. तेव्हा तो तिशीही गाठलेला नव्हता.

ब्राउनचं ठीक आहे. नाव, पैसा, ट्रॉफ्या, सगळं घेऊन तो बाहेर पडला. ग्रॅहमकडे काय होतं? शून्यांची एक ओळ. म्हणून मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, जो सिनेमात दोन-चार वाक्यांत उरकलाय.

अमेरिकेच्या नकाशात अगदी वर, कॅनडाच्या जवळ मिनेसोटा राज्य आहे. तिथल्या मेसाबी पट्ट्यात लोहखनिजाच्या प्रचंड खाणी. त्या पट्ट्यातलं छोटंसं गाव चिझम. सप्टेंबर १९०८ मध्ये हे गाव आगीत जवळपास बेचिराख झालं. लोकांनी ते पुन्हा उभं करायला घेतलं, आणि त्याच सुमारास, १९०९ च्या आसपास, ग्रॅहम तिथे पोचला. नॉर्थ कॅरोलिनाच्या उबदार हवेत वाढलेला माणूस हा, आणि इथे हाडं गोठवणारी थंडी. वस्ती खाणकामगारांची. फिनलंड, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, इटली, कुठून कुठून पोटासाठी आलेली माणसं. कुणाची भाषा कुणाला कळत नाही, खाणीतल्या कामाचा भरवसा नाही, संप झाला की घरात चूल थंड.

इथून पुढे मला त्याला ‘अरे-तुरे’ करवत नाही. तर डॉक्टर ग्रॅहम या गावात आले आणि इथलेच झाले. १९१५ मध्ये त्यांनी अलिशा मॅडन नावाच्या शिक्षिकेशी लग्न केलं. त्यांना मूलबाळ झालं नाही. आणि चिझमच्या शाळांचे डॉक्टर म्हणून त्यांनी चार दशकांपेक्षा जास्त काळ काम केलं.

शाळेचा डॉक्टर. आठवतात का तुम्हाला तुमच्या शाळेतले? वर्षातून एकदा यायचे. आपण रांगेत. ‘आ कर, जीभ बाहेर काढ, डोळे वर.’ कार्डावर दोन टिकमार्क, की पुढचा. त्यांचं नाव तरी आठवतंय का कुणाला? मला नाही आठवत. मेडिकलला जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, काय व्हायचंय? सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, डर्मा. ‘शाळेचा डॉक्टर’ असं उत्तर आलं तर आईबाबा त्याला आधी डॉक्टरकडे नेतील!

डॉक्टर ग्रॅहमना अख्खं गाव ओळखायचं. मंदीत, संपात, ज्या घरांना परवडत नव्हतं तिथल्या मुलांना चष्मा मिळायचा. दूध मिळायचं. मॅचचं तिकीटसुद्धा मिळायचं. कुठून आलं याचा गाजावाजा नाही, पोराच्या खिशात ते जाऊन पोचलेलं असायचं. दूध आणि चष्मा कुठलाही भला डॉक्टर देईल. मॅचचं तिकीट द्यायला मात्र तो डॉक्टर आधी खेळाडू असावा लागतो.

आणि आता माझा फेव्हरिट भाग. १९४५ मध्ये मुलांच्या आजारांवरच्या एका अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये एक पेपर प्रसिद्ध झाला. विषय, पाच ते सोळा वर्षांच्या मुलांचं ब्लडप्रेशर. लेखक तिघं. दोघं जगप्रसिद्ध मेयो क्लिनिकमधले. आणि यादीत पहिलं नाव, ए. डब्ल्यू. ग्रॅहम.

यात काय विशेष, असं वाटेल. मलाही आधी वाटलं. मग एका डॉक्टर मैत्रिणीने समजावलं. आपल्याला १२०/८० पाठ असतं, पण ते मोठ्यांचं. मुलांचं ब्लडप्रेशर वयाप्रमाणे, उंचीप्रमाणे बदलतं. सहा वर्षांच्या मुलाचं नॉर्मल वेगळं, पंधरा वर्षांच्याचं वेगळं. मग एखाद्या मुलाचं जास्त आहे हे डॉक्टरने ठरवायचं कशावरून? त्यासाठी आधी ढीगभर ठणठणीत मुलांचं ब्लडप्रेशर मोजावं लागतं. आपल्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर बेसलाइन डेटा. बेसलाइनचं काम किती बोअर असतं हे एक्सेलमध्ये डोळे फोडणाऱ्या कुणालाही विचारा. ना त्यात कुणाचा जीव वाचवायचा थरार, ना कुणी टाळ्या वाजवणार. मुलगा येतो, दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, आकडा लिहायचा, पुढचा.

असं काम करायला रोज भरपूर मुलं भेटणारा माणूस लागतो. मोठ्या शहरातल्या स्टार सर्जनला ती कुठून भेटणार? शाळेच्या डॉक्टरला भेटतात. आज अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसऱ्या वर्षानंतर दर वर्षी मुलांचं ब्लडप्रेशर मोजायला सांगतात, आणि आकडा वय-उंचीच्या तक्त्याशी ताडून बघतात. असे तक्ते अशाच कंटाळवाण्या मोजण्यांतून, अनेक ठिकाणच्या अनेक माणसांच्या हातून घडत गेले. त्यातला एक हात चिझमचा होता.

आता घरचा एक मसाला सांगते, कारण त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. डॉक्टरांचे धाकटे भाऊ फ्रँक पोर्टर ग्रॅहम. हे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिनाचे प्रेसिडेंट, मग १९४९ मध्ये अमेरिकेचे सिनेटर. आणि १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना भारत-पाकिस्तानसाठी आपला प्रतिनिधी म्हणून नेमलं. कशासाठी? काश्मीर! कुणी किती सैन्य मागे घ्यायचं, कधी घ्यायचं, यावर ते दिल्ली आणि कराचीशी बोलत राहिले, अहवालामागून अहवाल देत राहिले. तोडगा निघाला नाही, हे आपल्याला माहीतच आहे.

कल्पना करा, आपल्याकडे असे दोन भाऊ असते तर लग्नकार्यात काय सीन झाला असता! ‘धाकटा युनोमध्ये आहे हो, काश्मीरचं बघतो. आणि मोठा? मोठा... तिकडे कुठेतरी शाळेत मुलांचे डोळे तपासतो. आधी खेळायचा म्हणे.’ बिचारा मोठा कोपऱ्यात जिलबी खात बसला असता. आणि गंमत बघा, आज जगाला दोघांपैकी जास्त कोण माहीत आहे? मोठा!

तेही कसं? डॉक्टर ग्रॅहम २५ ऑगस्ट १९६५ रोजी गेले. गावात ‘चिझम फ्री प्रेस’ नावाचं छोटं वर्तमानपत्र होतं. वेडा पोनिकवार या बाईंनी ते १९४७ मध्ये सुरू केलेलं, संपादकही त्याच. (नाव वेडा असलं तरी बाई भलत्याच शहाण्या होत्या.) त्यांनी डॉक्टरांवर मृत्युलेख लिहिला. चष्मा, दूध आणि तिकीट हे तपशील त्यातलेच. छोट्या गावातल्या छोट्या पेपरचा लेख. किती लोकांनी वाचला असेल?

पुढे डब्ल्यू. पी. किन्सेला या कॅनडियन लेखकाला बेसबॉलच्या जाडजूड रेकॉर्डबुकात ती शून्यांची ओळ दिसली. नाव ‘मूनलाइट’, सामने एक, बॅटिंग शून्य. एवढ्यावर तो चिझमला जाऊन थडकला, लोकांशी बोलला, जुने लेख वाचले. त्यातून १९८२ मध्ये ‘शूलेस जो’ ही कादंबरी आली आणि कादंबरीवरून सिनेमा. पोनिकवारबाईंनी लिहिलेल्या त्या लेखातला मजकूर सिनेमातसुद्धा वापरलाय. आम्हाला मास कॉममध्ये मृत्युलेख हा प्रकार अर्ध्या लेक्चरमध्ये उरकला होता. जन्म, शिक्षण, पदं, पश्चात कोण कोण. बाईंनी पोरांच्या खिशात काय सापडायचं ते लिहिलं, आणि म्हणून तो माणूस आज आपल्यापर्यंत आला.

तर आता मुद्दा. या गोष्टीचा जो मेसेज फॉरवर्ड होऊ शकतो, तो मला पटत नाही. ‘स्वप्न तुटलं तरी काय झालं, त्याहून मोठं काम त्याची वाट बघत होतं’ वगैरे. सूर्योदयाचा फोटो लावून टाका, गुड मॉर्निंग! मी हे मित्राला ऐकवून बघितलं. तो म्हणाला, ‘‘ते सगळं मान्य. ग्रेट माणूस. पण एक बॉल तरी खेळायला मिळायला हवा होता यार त्याला.’’

मलाही तसंच वाटतं. हजार मुलांना चष्मे दिले म्हणून त्या शून्याचा एक होत नाही. ती मॅच ती मॅच आणि हे काम हे काम. एकाची भरपाई दुसऱ्याने करायची, हा हिशेब आपण मांडतो. पगार चांगला आहे ना, मग नाटक सुटलं तर सुटलं. प्रमोशन झालं ना, मग तबल्याचं काय एवढं? आणि मग कधीतरी मॅच लागली की बाल्कनीत जाऊन उभं राहायचं.

मला ग्रॅहमच्या गोष्टीत घेण्यासारखी वाटतात ती मधली तीन वर्षं. १९०५ ते १९०८. ज्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. डिग्री हातात, मोठ्या टीमने नाकारलेलं, तरी मायनर लीगमध्ये उन्हाळाभर खेळायचं. त्या वर्षांत त्याला कुणी म्हटलं असेल, पोरा, एक काय ते ठरव. आपल्याला रोज कुणी ना कुणी म्हणतंच की! फोकस कर, प्लॅन ए पकड, प्लॅन बी सोड, तिशीच्या आत सेटल हो. जणू कुठेतरी खडीची रेघ आखलेली आहे आणि आपण एका रात्रीत ती ओलांडायची आहे. प्रत्यक्षात माणसं रेंगाळतात. बॅटला तेल लावत राहतात. आणि त्या रेंगाळण्याने त्यांचं दुसरं काम बिघडतंच असं नाही. ग्रॅहमचं तर अजिबात बिघडलं नाही. खेळ सोडल्यावर जो माणूस चिझमला पोचला, तो खेळाडूही होता. म्हणून तर तिकिटाचं त्याला सुचलं.

त्यामुळे पलंगाखाली किटबॅग असेल तर असू दे. भंगारवाल्याला द्यायची घाई नको. तिच्यावरून रोज रडायचीही गरज नाही. रविवारी सकाळी सोसायटीच्या पोरांना थ्रोडाऊन द्यायला कुणीतरी लागतंच.

माझ्या मित्राला मी हे अजून म्हणालेले नाही. हा अंक हातात पडला की तोच वाचेल आणि फोन करून शिव्या घालेल. पण एक गोष्ट त्याच्यासाठी इथे लिहून ठेवते. आर्चिबाल्ड ग्रॅहमचं नाव दोन ठिकाणी छापलेलं आहे. बेसबॉलच्या रेकॉर्डबुकात, सामने एक, बॅटिंग शून्य. आणि मेडिकल जर्नलमध्ये, मुलांच्या ब्लडप्रेशरच्या पेपरवर, पहिला लेखक. एका नोंदीने दुसरी खोडली गेलेली नाही. दोन्ही आहेत.